परीकथांचे बदलते शेवट

परीकथा म्हटली की दोन गोष्टी आपण गृहीत धरतो. एक, ती फार जुनी असते. दुसरी, तिचा शेवट ठरलेला असतो. राजपुत्र राजकन्येला घोड्यावर बसवून नेतो, लग्नाचा सोहळा होतो आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र पाश्चात्त्य देशांत या शेवटालाच हात घालणारी पुष्कळ पुस्तके निघाली आहेत. त्यांत राजपुत्राचे मन दुसऱ्या राजपुत्रावर जडते, तर सिंड्रेला राजवाड्याकडे पाठ फिरवून एका स्त्रीच्या घराची वाट धरते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि मोबाईलवर वाचणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत ही पुस्तके पोहोचणे आता अवघड राहिलेले नाही. ती पाहून कोणी पालक हादरतात, कोणी पाहून न पाहिल्यासारखे करतात. या पुस्तकांविषयी मत बनवण्यापूर्वी परीकथेचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे, कारण ज्या शेवटाला आपण मूळचा समजतो तो बहुधा मूळचा नसतो.

सिंड्रेलाचेच उदाहरण घ्या. युरोपात ती प्रथम लिखित स्वरूपात सापडते ती जाम्बातिस्ता बाझीले या नेपल्सच्या लेखकाच्या संग्रहात. हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यातील नायिका सोशिक मुळीच नाही. ती आपल्या पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचे झाकण आदळून तिला ठार करते. त्याच संग्रहातील निद्रिस्त सुंदरी झोपेतच जुळ्यांची आई होते, आणि त्या मुलांचा बाप असलेला राजा आधीच विवाहित असतो. पुढे १६९७ साली चार्ल्स पेरो या फ्रेंच दरबारी गृहस्थाने या कथा धुऊनपुसून मांडल्या. काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी ही त्याची भर. लाल टोपीवाल्या मुलीला मात्र त्याने लांडग्याच्या पोटातून बाहेर काढले नाही. ती मेली, आणि त्याखाली मुलींसाठी एक उपदेशपर पद्य जोडले गेले.

जर्मनीतील याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी लोककथांचा पहिला खंड १८१२ साली काढला. लोकांच्या तोंडच्या कथा जशाच्या तशा टिपल्या आहेत, असा त्या ग्रंथाचा लौकिक. तथापि १८५७ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्म या कथांवरून सतत हात फिरवीत होता. पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुंझेल चेटकिणीला भाबडेपणाने विचारते की, माझे कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले आहेत? तिला दिवस गेले आहेत हे वाचक ओळखतो. घरात मुलांसमोर हे वाचायचे कसे, अशी ओरड झाली आणि तो प्रश्न पुढच्या आवृत्तीतून गेला. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. १८१९ साली ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडण्याचा आग्रह धरणाऱ्या आईच्या बाबतीतही १८४० साली तेच झाले. सख्ख्या आईने असे करणे त्या काळच्या कुटुंबवत्सल वाचकाला सोसणारे नव्हते. उलट क्रौर्याची त्यांना फारशी अडचण वाटली नाही. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरांनी फोडले, हा प्रसंग दुसऱ्या आवृत्तीत नव्याने घातला गेला.

आपल्या मुलांनी काय ऐकावे आणि काय ऐकू नये, याचा निर्णय प्रत्येक पिढी या कथांच्या आडून करीत आली आहे, हे यावरून ध्यानात यावे. कथा जुनीच राहते. तिच्यातील कोणते दार उघडे ठेवायचे आणि कोणते लावून घ्यायचे, हे सांगणारा ठरवतो.

दोन कथाकार

आता ज्या दोन लेखकांनी परीकथा सांगितल्या नाहीत तर स्वतः रचल्या, त्यांच्याकडे वळू. समलिंगी प्रेमाचा आणि परीकथेचा संबंध नव्या पुस्तकांनी ओढूनताणून जोडला, असा समज असेल तर तो या दोघांच्या चरित्रांवरून दूर होतो.

हान्स क्रिश्चन अँडरसन (१८०५–१८७५) हा डेन्मार्कमधील एका गरीब चांभाराचा मुलगा. कोपनहेगनच्या योनास कोलिन या अधिकाऱ्याने त्याला आधार दिला. कोलिनचा मुलगा एडवर्ड याच्यावर अँडरसनचा विलक्षण जीव होता. त्याने एडवर्डला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांतील व्याकुळता सामान्य मैत्रीची म्हणणे कठीण आहे. एडवर्डने पुढे आठवणी लिहिताना मान्य केले की, या प्रेमाला आपल्याला प्रतिसाद देता आला नाही आणि त्यामुळे लेखकाला फार यातना झाल्या. अँडरसनचे मन स्त्रियांवरही जडले होते, त्यामुळे त्याच्यावर आजची एखादी चिठ्ठी चिकटवणे अनेक अभ्यासकांना मान्य नाही. परंतु क्रम पाहण्यासारखा आहे. १८३६ साली एडवर्डचा विवाह झाला आणि १८३७ साली ‘छोटी जलपरी’ प्रसिद्ध झाली. राजपुत्राच्या सहवासासाठी जलपरी आपली जीभ देऊन बसते. ती त्याच्या शेजारी वावरते, पण मनातले त्याला सांगू शकत नाही. तो दुसरीशी लग्न करतो. बोलता न येणारे प्रेम म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होते त्यानेच ही कथा लिहिली, असे अनेक चरित्रकारांना वाटते.

त्या कथेचा खरा शेवट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. जलपरीला राजपुत्र हवा असतो तसाच अमर आत्माही हवा असतो. राजपुत्राला मारून स्वतःचा जीव वाचवण्याची संधी तिच्या हाती येते. ती सुरी समुद्रात फेकून देते आणि वाऱ्याच्या कन्यांमध्ये सामील होते. तीनशे वर्षे सत्कृत्ये केल्यास तिलाही आत्मा लाभणार असतो. डिस्ने कंपनीने १८८९ नव्हे तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९८९ साली या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा आत्म्याची गोष्ट गाळून टाकली आणि लग्न लावून दिले. त्या चित्रपटाची गीते लिहिणारा हॉवर्ड अॅशमन हा स्वतः समलिंगी होता आणि १९९१ साली एड्सने त्याचा मृत्यू झाला. बोलता न येणाऱ्या जलपरीच्या तोंडी गाणी घालणारा माणूस असा होता, हे तो चित्रपट मुलांना कौतुकाने दाखवणाऱ्या घरांना क्वचितच माहीत असते.

दुसरा लेखक ऑस्कर वाइल्ड. ‘आनंदी राजपुत्र’ ही कथा आपल्या देशातील शाळांतून शिकवली जाते, त्यामुळे ती आपल्या मुलांना परिचयाची आहे. १८८८ साली निघालेल्या त्याच्या संग्रहात ती आहे. राजपुत्राचा पुतळा गरिबांसाठी आपली माणके आणि सोन्याचा पत्रा एका भारद्वाजाएवढ्याही नसलेल्या चिमुकल्या पाकोळीकरवी वाटून टाकतो. मूळ इंग्रजीत तो पक्षी नर आहे. हिवाळ्यात दूर न जाता तो पुतळ्याजवळ राहतो, शेवटी त्याचे चुंबन घेऊन त्याच्या पायाशी मरून पडतो आणि पुतळ्याचे शिशाचे हृदय दुभंगते. देवदूत शहरातील सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणून ते हृदय आणि तो मेलेला पक्षी देवाकडे नेतो. त्याच संग्रहातील स्वार्थी राक्षसाच्या बागेत येणाऱ्या मुलाच्या हातापायांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. तो मुलगा कोण, हे ख्रिस्ती वाचकाला सांगावे लागत नाही. या कथा वाइल्ड आपल्या दोन्ही मुलांना सांगत असे.

सात वर्षांनी, १८९५ साली, पुरुषांशी असलेल्या संबंधांबद्दल त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. पत्नीने मुलांचे आडनाव बदलले. ती मुले वाइल्डला पुन्हा कधीही भेटली नाहीत. सुटकेनंतर तो युरोपात भटकत राहिला आणि १९०० सालच्या नोव्हेंबरात पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात मरणासन्न अवस्थेत पडला. त्याचा मित्र रॉबर्ट रॉस हा कॅथलिक होता. तो धावत जाऊन फादर कथबर्ट डन या पॅशनिस्ट संघाच्या आयरिश धर्मगुरूंना घेऊन आला. फादरांनी वाइल्डला सशर्त बाप्तिस्मा व अंत्यविधीचे संस्कार देऊन ख्रिस्तसभेत घेतले. दुसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबर रोजी, त्याने प्राण सोडला. ज्याचे नाव उच्चारायला इंग्रजी समाज तयार नव्हता त्याच्या बिछान्याशी एक धर्मगुरू जाऊन बसला. आपल्या परंपरेतील हा प्रसंग नव्या पुस्तकांच्या चर्चेत आपणच विसरून जातो.

नवी पुनर्कथने

अँडरसन आणि वाइल्ड यांच्या कथांत हे प्रेम मुके आहे. ते त्याग करते आणि मरते. त्या काळात त्याला दुसरा शेवट उपलब्धच नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो उपलब्ध झाला. आयर्लंडच्या एमा डोनोह्यू या लेखिकेने १९९७ साली जुन्या परीकथांची नव्याने मांडणी केलेल्या तेरा कथांचा संग्रह काढला. त्यातील पहिल्याच कथेत सिंड्रेलाला उमगते की, तिचे मन राजपुत्राकडे नसून तिला मदत करणाऱ्या स्त्रीकडे आहे. २००० साली नेदरलँड्समध्ये लिंडा द हान आणि स्टर्न नायलँड यांचे ‘राजा आणि राजा’ हे चित्रमय पुस्तक आले. आईने आणलेली एकही राजकन्या राजपुत्राला पसंत पडत नाही. शेवटी एका राजकन्येबरोबर आलेला तिचा भाऊ त्याला आवडतो. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २००१ रोजी, त्या देशात समलिंगी विवाहाचा कायदा अमलात आला. २००९ साली मलिंडा लो या अमेरिकन लेखिकेची सिंड्रेलावरील ‘अॅश’ ही कादंबरी आली. पुढे ई-पुस्तकांमुळे प्रकाशकाची गरज उरली नाही आणि प्रौढांसाठीच्या प्रेमकादंबऱ्यांचा पूरच आला. त्यांतील पुष्कळशा सवंग आहेत. पण सवंग प्रेमकादंबऱ्या स्त्रीपुरुषांच्या प्रेमावरही कमी लिहिल्या गेलेल्या नाहीत.

वाद पेटला तो मुलांच्या पुस्तकांवरून. २००६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेक्सिंग्टन येथील एका सरकारी शाळेत दुसरीच्या वर्गात ‘राजा आणि राजा’ वाचून दाखवले गेले. आम्हाला आधी कळवायला हवे होते, असे म्हणत दोन कुटुंबे न्यायालयात गेली. २००८ साली अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. सतरा वर्षांनी, २७ जून २०२५ रोजी, मेरीलँड राज्यातील अशाच प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांची बाजू घेतली. तेथील पुस्तकांत राजपुत्र आणि सरदार यांच्या प्रेमाची एक परीकथा होती, आणि तक्रारदारांत मुस्लिम, कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पालक होते. अशा पाठांच्या वेळी आपल्या मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा त्यांना मिळाली. मुलांचे पहिले शिक्षक आईवडीलच असतात, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगून ठेवले आहे. त्या दृष्टीने हा निकाल आपल्याला जवळचा वाटेल.

परंतु लिथुआनियाची हकिकत वाचल्यावर एवढ्यावर थांबता येत नाही. लिथुआनिया हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश. तेथील नेरिंगा दांगविदे या लेखिकेने २०१३ साली ‘तृणमणी हृदय’ या अर्थाच्या नावाचा सहा परीकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. समाजात ज्यांना बाजूला ठेवले जाते, अशा माणसांविषयीच्या त्या कथा होत्या. त्यांपैकी दोनच कथांत समलिंगी प्रेम आहे. त्यांत शरीरसंबंधाचे वर्णन नाही. तरीही तक्रारी झाल्या, २०१४ साली विक्री थांबवण्यात आली, आणि पुढे ती पुन्हा सुरू झाली तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना हे पुस्तक अपायकारक ठरू शकते, असा इशारा त्यावर छापण्यात आला. लेखिका स्वतः समलिंगी होती. ती न्यायालयात गेली, हरली, स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोहोचली आणि निकाल लागण्यापूर्वीच, मार्च २०२० मध्ये, वारली. तिच्यामागे तिच्या आईने खटला चालू ठेवला. २३ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाच्या महापीठाने एकमताने त्या दिवंगत लेखिकेच्या बाजूने निर्णय दिला. ज्या कायद्याच्या आधारे तो इशारा छापला गेला, ते कलम लिथुआनियाच्या घटना न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले.

हंगेरीत याच्या उलट घडले. सप्टेंबर २०२० मध्ये सतरा कथांचा असाच एक संग्रह निघाला. एका महिला खासदाराने पत्रकारांसमोर त्याची पाने कागद फाडण्याच्या यंत्रात घातली, आणि २०२१ च्या जूनमध्ये मुलांपुढे या विषयाचे चित्रण करण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने संमत केला.

आपण काय जोखावे?

विवाहाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचा असतो आणि तो नव्या जीवाला मोकळा असतो. १८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना उपासनेबाहेर साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली, तेव्हाही ही शिकवण बदललेली नाही, असे त्याच दस्तऐवजात नमूद केले. म्हणून परीकथेच्या अखेरीस दोन राजपुत्रांचे लग्न लागते तेव्हा कॅथलिक पालक आपल्या मुलाला, आपली श्रद्धा हे असे मानत नाही, असे सांगू शकतो. किंबहुना त्याने ते शांतपणे सांगावे.

पण त्याच ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात असेही म्हटले आहे की, अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि त्यांचे मन जपून वागवावे, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नये. ११ डिसेंबर २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितले होते की, समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेले नाही. ते कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीने ठेवलेल्या संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. म्हणजे कार्डिनल त्यापूर्वी जवळजवळ पाच वर्षे बोलले होते. शिकवणीचा पहिला भाग आपण कुटुंबांतून पाठ करून घेतो. दुसरा भाग मात्र अनेकदा ग्रंथातच राहतो.

वाङ्मय म्हणून या नव्या कथांविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती वेगळीच आहे. त्यांतील बहुतेक कथा फारच लवकर समाधान पावतात. जुन्या कथेतील राजकन्येच्या जागी राजपुत्र बसवला, लग्न लावले की त्यांचे काम संपते. लग्न म्हणजेच माणसाच्या सुखाची अखेरची पायरी, हा जुन्या कथेचा सर्वांत भाबडा समज त्या जसाच्या तसा उचलतात. अँडरसनची जलपरी त्यापलीकडे पाहत होती. तिला आत्मा हवा होता. वाइल्डच्या राजपुत्राचे हृदय दुभंगल्यावर देवाच्या घरी पोहोचले. दुःखातून या दोघांना जे दिसले ते सुखाच्या घाईत हरवू नये. अर्थात आम्ही तुमच्यासारखे दुःख का भोगावे, असे कोणी तरुण विचारील तर त्याचा प्रश्न रास्त आहे. जलपरीची जीभ कापली जावी, असे कोणत्याही आईबापाला वाटत नाही.

या सर्व पुस्तकांत एकाचा उल्लेख शेवटी करावासा वाटतो. त्रुंग ले न्यूएन या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन चित्रकाराने २०२० साली ‘जादूचा मासा’ ही चित्रकथा प्रसिद्ध केली. निर्वासित होऊन आलेल्या आईबापांचा मुलगा आईबरोबर परीकथा वाचतो. आईला इंग्रजी सुधारायचे असते. आपण समलिंगी आहोत, हे त्याला तिला सांगायचे असते, पण तिच्या भाषेत त्यासाठी शब्दच त्याला सापडत नाही. तो कॅथलिक शाळेत शिकतो. गोष्ट शाळेच्या लक्षात येते, आणि आईच्या आधी धर्मगुरू त्याच्याशी बोलतात. त्या बोलण्याने मुलगा सावरत नाही, आणखी भेदरतो. पुढे आई जलपरीची कथा वाचताना तिचा शेवट आपल्या मनाने बदलून सांगते, आणि त्या बदललेल्या शेवटातून मुलाला कळते की, आईला सर्व समजले आहे आणि तो तिला पूर्वीइतकाच प्रिय आहे.

धर्मगुरू म्हणून ते प्रकरण वाचताना मी बराच वेळ थांबलो. लेखक आपल्यावर रागावलेला दिसत नाही. त्याने धर्मगुरूंना दुष्ट रंगवलेले नाही. पण मुलाला जे हवे होते ते आईपाशी मिळाले, आपल्यापाशी नाही, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपल्या धर्मग्रामांतही अशी मुले-मुली आहेत. ती मिस्साबलीला येतात, गायकवृंदात गातात, सणाला कमानी उभारतात. लग्नाचा विषय निघाला की ती गप्प होतात. मराठीत या विषयावर बोलायचे तर आपल्यापाशीही शब्द थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांतले बरेच शिव्यांसारखे वापरले जातात.

तेव्हा, वाचकहो, मुलाच्या दप्तरात किंवा मोबाईलवर असे एखादे पुस्तक दिसले तर ते हिसकावून घेऊ नका. ते आधी स्वतः वाचा. मग त्याच्याजवळ बसून विचारा की, या कथेत तुला काय आवडले? उत्तर साधे असू शकेल, की सगळे वाचत होते म्हणून मीही वाचले. उत्तर दुसरेही असू शकेल. त्या वेळी आपली श्रद्धा सांगायला पुढे पुष्कळ दिवस असतील; पण मूल बोलायला लागले आहे आणि आपण त्याला गप्प केले, असे त्या दिवशी होऊ देऊ नका. नंतर धर्मगुरूंशी बोलावेसे वाटले तर अवश्य या. मुलाला पाठवू नका; त्याला हवे असेल तर त्याला बरोबर घेऊन या.